रकाना क्रमांक सात

सातव्या रकान्यात कारण लिहायचं असतं.
जागा दीड इंच.
तेवीस वर्षं मी त्या दीड इंचाच्या अलीकडे बसते,
नोंदणी विभाग, खिडकी चार.
मुलं बहुतेक एकच शब्द लिहितात : वैयक्तिक.
कुणी दीर्घ करून, वैयक्तीक.
कुणी इतकं दाबून
की खालच्या प्रतीला भोक पडतं.
मी शिक्का मारते.
शिक्क्यावर तारीख असते, बाकी काही नाही.

सोपान घुगे आला तेव्हा
जेवणाच्या सुट्टीला दहा मिनिटं होती.
जिंतूरकडचा. भूशास्त्र, पीएच.डी., चौथं वर्ष.
नोंदणी रद्द करायची होती.
गाईडची सही, विभागप्रमुखांची सही,
ग्रंथालयाचं नाहरकत,
सगळं जागच्या जागी, कागदाला सुरकुती नाही,
आणि सातवा रकाना कोरा.

"इथं कारण लिही, बाळा."
"काय लिहू मॅडम? लोकं काय लिहितात?"
चौकात पत्ता विचारावा, तसं विचारलं त्यानं.

शब्द तोंडाशी आला होता माझ्या.
पण शर्टाची बटणं एक घर चुकलेली,
नखं मुळापर्यंत खाल्लेली,
आणि मला माझा मागचा मार्च आठवला.
निकालाची घाई, सर्व्हर बंद, फोनवर पालकांच्या शिव्या.
घरी येऊन गॅससमोर उभी राहायचे
आणि कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या
ते आठवायचं नाही.
विद्यापीठ चौकात दोन-दोन बस सोडायचे.
गर्दीमुळे नव्हे.
चढायचं कशाला, हेच सुचायचं नाही.
अकरा दिवस रजा. कारण : वैयक्तिक.
इनामदार साहेबांनी वर न बघता सही केली.
माणूस चांगला आहे.
त्यांनाही झोप लागत नाही, असं शिपाई सांगतो.

खिडकी ओढून घेतली.
रांगेतल्या मुलीनं घड्याळ दाखवलं.
"हो, सात मिनिटं आधी. कर तक्रार."

डबा उघडला. तीन पोळ्या, कोबीची भाजी.
"अर्ज राहू दे माझ्याकडे. आधी खा."
तिकडची पोरं आधी नको म्हणतात,
दोनदा म्हणतात, मग हात पुढे करतात.
हा नको म्हणालाच नाही.
तेव्हा मी घाबरले.

समुपदेशन केंद्र आरोग्य केंद्राच्या मागे आहे,
पाटी अशी लावलीय की दिसू नये.
मंगळवार आणि शुक्रवार, अकरा ते चार,
एवढ्या मोठ्या आवारात एकट्या तांबोळी मॅडम.
नशीब, मंगळवार होता.
वडांच्या पारंब्यांखालून चालताना तो बोलला,
दगडाबद्दलच बोलला :
बेसाल्टमधल्या पोकळ्या मोजतो म्हणे, चार वर्षं,
आणि दिवाळीपासून
शंभराच्या आत आकडा विसरतो.
पुन्हा एकपासून सुरू करतो.
मी म्हटलं, "हं."
दुसरं काय म्हणणार. मोर ओरडत होता कुठंतरी, फार बेसूर.

तो आत गेला. मी बाकावर.
पर्समध्ये किल्ल्या, खिडकी चारची पण.
तिकडे रांग माझ्या नावानं बोटं मोडत असणार.
बऱ्याच वेळानं दार उघडलं,
तांबोळी मॅडमनी डोकं बाहेर काढलं :
"याचं अजून थोडं चालेल. पुढचा नंबर तुमचा का?"
"छे, मी नुसती सोबत आलेय."
त्या बरं म्हणाल्या,
आणि तरी रजिस्टर बाकावर ठेवून गेल्या.

नाव. विभाग. वेळ.
पान उलटून बघितलं, मागचंही बघितलं.
सवयच ती, तेवीस वर्षांची.
कारणाचा रकाना नव्हता.

शुक्रवार, साडेतीन, असं लिहिलं मी.
अक्षर बरं आलं.

सोपानचा अर्ज माझ्या वरच्या ड्रॉवरमध्ये आहे,
शिक्क्याच्या पॅडखाली.
अजून त्यानं मागितलेला नाही.
मागितला तर देईन, त्याचाच आहे.
फक्त खिडकीतून देणार नाही,
बाहेर येऊन देईन.